खालचा अर्धा

सरांची नक्कल मी इतकी हुबेहूब करायचो की व्हरांड्यात त्यांच्यासारखा नुसता खाकरलो तरी बारावीचा वर्ग चिडीचूप व्हायचा. एकदा तर आमच्या प्राचार्यांनी मला पाठमोरं बघून, "सर, तुमची सोमवारची रजा मंजूर केलीय," असं सांगितलं, आणि मीही मान हलवून पुढं निघालो. सरांनी रजा मागितलीच होती, त्यामुळं कुणाचं नुकसान झालं नाही. मी मात्र हा किस्सा स्टाफरूममध्ये महिनाभर पुरवून पुरवून सांगितला.

ती नक्कल मी आता करत नाही. सरांना आता जवळपास काही दिसत नाही, आणि माझ्या नकलेतली एकेक लकब पुढं पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लक्षण म्हणून कागदावर लिहिली. वेळेवर कळलं असतं तर डोळे वाचले असते, असंही ते म्हणाले. वेळेवर कळण्याची संधी एकाच माणसाला मिळाली होती. तो माणूस त्या वेळी टाळ्या घेत होता.

सर शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. मूळचे वरवंडचे, घरची शेती, त्यात काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, लावलेली शेवंती. आठवडाभर शिरूरला बाजारपेठेच्या मागं एका खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं न्हावरा, केडगाव करत घरी जायचे. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर खडूनं काढलेले वक्र. घरमालक दर दिवाळीला रंग द्यायचा आणि सर संक्रांतीपर्यंत भिंत पुन्हा भरवायचे.

वर्षभराच्या पोर्शनमध्ये त्यांचा जीव एकाच धड्यात होता, संकलनाचा उपयोग करून क्षेत्रफळ काढणं. त्यातही पॅराबोला. पुस्तकी मराठीत त्याला अन्वस्त म्हणतात. सर म्हणायचे, नांगराला बैल जुंपून शेताच्या टोकाला वळवताना जी रेघ पडते ना, ती. आडवा पडलेला, उजवीकडं तोंड उघडलेला पॅराबोला काढायचा, त्याच्या तोंडावर एक उभी रेघ मारायची आणि आत कोंडलेल्या जागेचं क्षेत्रफळ काढायचं. गणित सोपं असतं. मधल्या आडव्या अक्षाच्या वरच्या अर्ध्या भागाचं संकलन करायचं आणि वरचं-खालचं सारखंच असल्यामुळं उत्तराची दुप्पट करायची. आणि निम्मी पोरं ती दुप्पट विसरतात. दरवर्षी. पिढ्यान्‌पिढ्या.

विसरलेल्या पोराला सर उभं करायचे, चष्मा वर सारायचे आणि अगदी हळू आवाजात विचारायचे, "आन् खालचा?"

बस, एवढंच. मारणं नाही, ओरडणं नाही. पण पोरगं घामाघूम व्हायचं. मग सर फळ्यावरच्या खालच्या अर्ध्यात तिरक्या रेघोट्या ओढत म्हणायचे, "वरचं तेवढं तुझं आन् खालचं काय गायरान हाय व्हय?"

मी त्यांचाच विद्यार्थी. बोर्डाच्या परीक्षेत नेमकं तेच गणित आलं होतं. पेपर सुटल्यावर सर गेटवर प्रश्नपत्रिका घेऊन उभे. मला बघितल्यावर त्यांनी त्याच प्रश्नावर बोट ठेवलं आणि उत्तर किती आलं ते विचारलं. मी छाती काढून सांगितलं, चौसष्ट बाय तीन. खरं उत्तर एकशे अठ्ठावीस बाय तीन. सर गेटशेजारच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं उठून, धोतर नसताना धोतराचा सोगा सावरल्यासारखा हात करून एसटी स्टँडकडं चालायला लागले. पुढं कित्येक वर्षांनी मी एमएस्सी होऊन त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर रुजू झालो, त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सरांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "आन् खालचा?"

सरांचा सिद्धांतावर विश्वास होता, पण पडताळ्यावर जास्त. एका वर्षी त्यांनी जाड पुठ्ठ्याचा एक आयत कापला, त्यात नेमका बसणारा पॅराबोला आखला आणि आख्खी बॅच घेऊन बाजारपेठेतल्या सराफाच्या दुकानात गेले. आधी आयताचं वजन, मग कापलेल्या पॅराबोल्याचं. पॅराबोला आयताच्या बरोबर दोन तृतीयांश भरला पाहिजे. सराफ नाकावर चष्मा ओढून म्हणाला की सर, गुंजभर कमी येतोय. सर म्हणाले, "गणितात घट नसती. कातरणाऱ्याच्या हातात हाय." कातरणारा मी होतो. त्या दुकानात नंतर माझ्या लग्नाची खरेदी झाली तेव्हाही सराफानं बायकोच्या वडिलांना ती गोष्ट सांगितली.

तर असा माणूस. मी रुजू झालो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला पाच-सहा वर्षं होती आणि त्यांचा वेंधळेपणा रंगात आला होता. निदान मला तरी तो वेंधळेपणा वाटायचा. चहाचा ग्लास टेबलावर ठेवायचे तो टेबलाच्या कडेवर अर्धा, बाहेर अर्धा, आणि खाली. वर्गातल्या मंचावरून उतरताना पायानं आधी हवा चाचपायचे, जणू खाली पाणी किती खोल आहे ते बघताहेत. डब्यातली भाजी म्हणून शेजारच्या बाईंच्या दह्यात चपाती बुडवायचे. एकदा व्हरांड्यात शिपाईमामांच्या पाण्यानं भरलेल्या बादलीवर सरळ चालत गेले. मामा वैतागून म्हणाले, सर, खाली बघत जावा की. सर ओल्या पॅन्टनं तसेच उभे राहून म्हणाले, "मामा, रस्ता ओलांडताना बादलीनं बघायचं असतंय."

आता सांगा, नकलाकाराला अजून काय लागतं? मी ग्लास पाडायचो, हवा चाचपायचो, बादलीत पाय घालायचो. स्टाफरूम पोट धरून हसायची. तासिका तत्त्वावरच्या माणसाला स्टाफरूममध्ये खुर्चीसुद्धा उरलेली मिळते. मला या नकलेमुळं खिडकीजवळची खुर्ची मिळाली होती.

आणि मग नकलेसाठी फळ्याचा एक नवा प्रसंग सापडला.

मी हजेरीपट मागायला सरांच्या वर्गाच्या दारात उभा होतो. एका मुलीला त्यांनी फळ्याजवळ बोलावलं होतं. हुशार पोरगी, निर्वीहून सायकलवर यायची. तिनं पॅराबोला काढला, वरचा-खालचा दोन्ही, उभी रेघ मारली, सगळीकडं छान रेघोट्या ओढल्या. सर फळ्याच्या अगदी जवळ उभे होते, नजर मधल्या अक्षावर. त्यांनी चष्मा वर सारला आणि म्हणाले, "आन् खालचा?"

पोरगी गोंधळली. म्हणाली, "सर, काढलाय की."

"कुठं काढलाय? अर्धाच तर दिसतोय."

वर्ग हसला. पोरांना वाटलं, सर गंमत करताहेत. पोरीनं खडूनं खालच्या वक्रावर ठकठक वाजवून दाखवलं. सर त्या आवाजाकडं वाकले, मान बरीच खाली घातली, आणि मग दोन-तीन क्षण तसेच राहिले. सरळ झाले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज नेहमीचाच. "शाब्बास," म्हणाले. "फसली न्हाईस. मी म्हटलं बघू, आपल्या उत्तरावर ठाम ऱ्हाती का."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी हजेरीपट न घेताच परतलो, कारण स्टाफरूमला हे कधी एकदा सांगतो असं मला झालं होतं. पांढरा पडलेला चेहरा मी बघितला होता. तो नकलेत घेतला नाही, त्यानं हशा पडत नव्हता.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांच्या कार्यक्रमात मी आख्खी नक्कल मंचावर केली. शेवट फळ्याचा. पूर्ण पॅराबोल्यासमोर उभा राहून मी विचारलं, "आन् खालचा?" आणि मंडप उठला. पुढच्या रांगेत सर सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

कार्यक्रम संपल्यावर ते मंडपामागं आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझी चूक दुरुस्त केली. "चष्मा मी उजव्या हातानं सारतो. तू डाव्यानं सारला." मी कान पकडले. मग जायला वळले आणि थांबून म्हणाले, "ते फळ्याचं पुढल्या टायमाला घिऊ नको गड्या. बाकीचं कर."

मला वाटलं, म्हातारा दुखावला. जास्तीत जास्त एवढंच माझ्या डोक्यात आलं. एमएस्सी माणूस.

त्यानंतर महिनाभरानं पूर्वपरीक्षेचे पेपर पोचवायला मी वरवंडला त्यांच्या घरी गेलो. सर रानात गेले होते. काकू ओसरीवर शेवंतीची फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग फुलांकडंच बघत म्हणाल्या, "तुम्ही दिसभर त्यांच्यासंगं असता. मला जरा खरं सांगा. त्यांच्या डोळ्यांत काय बिघाड हाय का? बांधावरनं दोनदा पडले. म्हणत्यात, चप्पल झिजली. मी पुण्याच्या डाक्टरचा नंबर लावू का?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलेला नाही. बोर्डानंसुद्धा नाही. आणि मी काय सांगितलं? मी म्हणालो, "काकू, सरांना पोराच्या वहीतली चूक गावाबाहेरून दिसते. डोळ्यांना काय धाड भरलीय?" वर बादलीचा किस्सा नकलेसकट करून दाखवला. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणाल्या, मग ऱ्हाऊ दे, उगं त्यांची रजा वाया जायची.

मी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सरांची जागा मला हवी होती म्हणावं, तर सर आजारी पडून घरी बसले असते तर उलट मलाच त्यांचे तास मिळाले असते. तेवढाही स्वार्थी हिशोब मी केला नव्हता. कुणीतरी ऐकायला समोर बसलं होतं आणि माझ्याकडं किस्सा तयार होता. बाकी काहीच कारण नव्हतं.

दोन वर्षं गेली. शिरूरच्या डेपोत एसटीतून उतरताना सरांची शेवटची पायरी चुकली आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरनं प्लास्टर घालता घालता त्यांच्यासमोर बोटं नाचवली आणि आधी डोळे दाखवा म्हणून पुण्याला पाठवलं. सोबत काकू आणि मी.

तिथं एक यंत्र असतं. पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडं बघायचं आणि आजूबाजूला बारीक उजेड लागला की हातातलं बटण दाबायचं. सर बसले. पहिल्या मिनिटातच यंत्रावरची मुलगी म्हणाली, "बाबा, लाइट लागत नाहीये तरी दाबताय. मशीनला कळतं."

आयुष्यभर ज्यांनी परीक्षा हॉलमध्ये कुणाला मान वळवू दिली नाही, ते सर अंदाजानं बटण दाबत होते. मुलीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांचा. याला दुखत नाही, खुपत नाही; कडेकडेनं दिसणं जातं आणि मेंदू ती रिकामी जागा आपल्या मनानं भरून काढतो, त्यामुळं माणसाला कळतही नाही. सरांचं खालचं दिसणं आधी गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकतंय का बघू. मग त्यांनी विचारलं की हे तीनेक वर्षं तरी चाललेलं असणार, पायऱ्या चुकणं, वस्तूंवर आपटणं, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?

काकू म्हणाल्या, "माझीच चूक. मला शंका व्हती, पण मी नेट लावला न्हाई."

मी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत होतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

परतीच्या गाडीला वेळ होता. काकू डोळ्यांत घालायचे थेंब आणायला औषधाच्या दुकानात गेल्या. बाकावर बसून सरांनी तो तपासणीचा कागद नाकासमोर उंच धरला. चौकोनी जाळी, आणि तिच्यात खालून वर चढत आलेला काळा डाग. वरची कड गोलाकार, मध्यभागी जाळीच्या वरच्या रेघेला टेकलेली.

"पट्टी हाय का?" त्यांनी विचारलं. नव्हती. त्यांनी प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी चौकडे मोजले. "पॅराबोलाच हाय बघ. काळा किती?"

मी खिशातून पेन काढून पाकिटाच्या मागं समीकरण मांडायला लागलो. सर म्हणाले, "संकलन कशाला करतो? आयताच्या दोन तृतीयांश. सराफाकडं जोखलंय आपण." मग कागदाची घडी घातली. "म्हंजी उरला एक तृतीयांश. तेहतीस टक्के. पास व्हायला पस्तीस लागत्यात. दोन मार्कांनी गेलो."

आणि हसले. मीही हसलो, सवयीनं. ते थांबले तरी मी थोडा वेळ हसतच राहिलो.

उरलेलं टिकलं नाही. वर्षभरात सरांनी स्वेच्छेनं निवृत्ती घेतली आणि त्यांचे सगळे तास माझ्याकडं आले. निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी ताप आल्याचं कळवून घरी बसलो.

दर रविवारी मात्र वरवंडला जायचो. थेंब, गोळ्या, कॉलेजच्या गप्पा. प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज काकूंना सांगायचं, तुमची चूक नव्हती, तुम्ही विचारलं होतं, मीच उडवून लावलं. आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन परत यायचो. एका रविवारी मात्र सुरुवात केली. सर ओसरीवर खुर्चीत, काकू खाली फुलं निवडत. सुरुवात गंभीरच होती. पण माझ्या जिभेला दुसरा रस्ताच माहीत नाही. दोन वाक्यांत मी उभा राहिलो, पोरीचा आवाज काढला, खडू ठकठक वाजवला, मग काकूंना दिलेलं उत्तर, मग बादली. कबुलीजबाबाची मी नक्कल केली. सर खदखदून हसले. म्हणाले, "आता चष्मा उजव्या हातानं सारला का? मला दिसत न्हाई म्हणून इचारतो."

काकू हसल्या नाहीत. त्यांचे हात फुलांत थांबले होते.

"म्हंजी फळ्याचं तुम्ही त्याच्या आधीच बघितलं व्हतं."

मी हो म्हणालो.

"आन् मग मी इचारलं."

मी पुन्हा हो म्हणालो. बसायचं होतं, पण कुठं बसावं ते कळेना.

"एवढी वर्सं मी म्हणत आले, माझंच चुकलं. डाक्टरापुढं म्हणाले. तुम्ही तिथंच उभं व्हता."

सरांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला. "अगं, मलाबी ठावं व्हतं. त्या पोरीनं फळा वाजवला तवाच कळलं. फळा सुटंल म्हणून मीच दडवलं."

"तुमचं तुम्ही दडवलं," काकू म्हणाल्या. "ह्यांना कुणी सांगितलं व्हतं दडवायला?"

काकूंनी फुलांची पाटी उचलली आणि आत गेल्या. थोड्या वेळानं सर उठले, भिंत धरून पायरी उतरले आणि म्हणाले, "चल गड्या. गाडी यील."

हायवेचा थांबा घरापासून शंभर पावलांवर आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चालत होते. थांब्यावर आल्यावर म्हणाले, "पुढल्या रविवारी यिऊ नको. तिला जरा जाऊ दे. मी सांगंन तवा ये." मी बरं म्हणालो. त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

चौफुल्याची गाडी आली. मी चढलो, खिडकीजवळ बसलो. एसटीच्या मागं एक कांद्याचा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा होता, त्याचा आवाज एसटीपेक्षा मोठा होता. सर त्या आवाजाकडं वळले आणि टेम्पोला हात हलवायला लागले, चांगला वर करून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलवतात तसा. टेम्पोवाल्यानं जरा बघितलं आणि त्यानंही हात केला. मी हाक मारण्याइतका जवळ होतो. कंडक्टरनं बेल मारली.